माकडाला केळं नको, पाला द्या

माकडाला केळं दिलं की आपल्याला पुण्य केल्यासारखं वाटतं. इंग्लंडमधल्या पेंटन प्राणिसंग्रहालयानं मात्र २०१४ साली माकडांची केळी बंद केली. बाजारातली केळी माणसाच्या जिभेसाठी निवडून वाढवलेली असतात. रानफळांपेक्षा त्यांत साखर जास्त आणि तंतू (चोथा) कमी. दात किडतात, मधुमेहाचा धोका वाढतो. तिथल्या माकडांना पालेभाज्यांवर आणल्यावर ती शांत झाल्याचंही दिसलं.

म्हणून पिंजऱ्यातल्या प्राण्यांचं खाद्य पिकवायला सेंद्रिय बाग करायची, तर आधी झाडं नीट निवडावीत, खताचा विचार नंतर. मुंबईत शेवगा, जास्वंद, तुती, हादगा, उंबर, बांबू सहज वाढतात, आणि त्यांचा पाला-डहाळ्या हेच खरं खाद्य. हरणाच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात सूक्ष्मजीव तंतू आंबवतात. तिथे पाव किंवा धान्य जास्त गेलं की आम्ल वाढतं आणि जनावर दगावूही शकतं. राणीच्या बागेत कुंपणापलीकडे खाऊ फेकणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. शिवाय डहाळी ओरबाडण्यात, साल सोलण्यात प्राण्याचे तासन्‌तास जातात. एरवी तोच वेळ तो गजांपाशी येरझाऱ्या घालण्यात काढतो.

हिरवं ते सगळं चांगलं, असंही नाही. पालकातलं ऑक्झलेट हे द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवतं, मग ते अंगी लागत नाही. पाला खाणाऱ्या कासवांना आणि इग्वाना या मोठ्या सरड्यांना फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम लागतं. ते कमी पडलं किंवा ऊन मिळालं नाही, तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. हाडं मऊ पडतात, कवच वेडंवाकडं होतं. त्यांच्यासाठी पालकापेक्षा जास्वंदीचा पाला कितीतरी बरा. सुबाभळीत मिमोसिन असतं, ते जास्त झालं की जनावरांचे केस गळतात. हवाई बेटांवरच्या शेळ्यांना मात्र काही होत नव्हतं, कारण त्यांच्या पोटात हे विष मोडणारे जीवाणू होते. कण्हेर तर बागेच्या आसपासही नको. तिच्यातलं विष थेट हृदयावर घाला घालतं.

खत प्राण्यांच्याच शेणाचं करता येतं, पण नीट कुजवून. ढीग आतून ५५ अंशांच्या वर काही दिवस तापला आणि वरखाली केला गेला, तरच जंतांची अंडी मरतात. कच्चं शेण वाफ्यात टाकलं, तर तेच जंत पाल्यावरून पुन्हा त्याच पोटात जातात. वाघ-बिबट्यांची विष्ठा या खतात अजिबात घालू नये.

एक धोका सेंद्रिय शेतीनंही टळत नाही, तो शिशाचा. पेट्रोलमधलं शिसं २००० साली देशभर बंद झालं, पण मातीत मुरलेलं शिसं कुजत नाही. त्यामुळे रहदारीच्या रस्त्याकडेचा पाला तोडून आणू नये. लागवड तपासलेल्या मातीच्या उंच वाफ्यांत करावी. पावसाळ्यात पाला मुबलक मिळतो, पण ओल्या ढिगावर लगेच बुरशी धरते. तेव्हा सकाळी टाकलेल्यातला उरलासुरला पाला संध्याकाळी उचलून थेट खताच्या खड्ड्यात टाकावा.