आडवा माउस, उभा माउस आणि 'कार्पल टनेल'चा घोळ

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या संगणकाच्या दुकानात गेलात तर हल्ली उभा माउस सहज मिळतो. हस्तांदोलन करताना पंजा जसा राहतो तसा तो धरायचा. खोक्यावर 'अर्गोनॉमिक' छापलेले असते आणि दुकानदार वर आपली पुस्ती जोडतो: "हा घ्या, कार्पल टनेल होत नाही." कार्पल टनेल म्हणजे मनगटातली नस चेपून होणारे दुखणे. माउसच्या आकाराचा इतिहास वेगळा आणि या दुखण्याच्या नावाचा वेगळा. दुकानदाराच्या वाक्यात दोन्ही एकाच दाव्याला बांधलेले आहेत.

कोल्हापुरात माउस घाण्याला जुंपला गेला तो नव्वदच्या दशकात, डीटीपीमुळे, म्हणजे छपाईची जुळणी संगणकावर आल्यामुळे. त्याआधी छापखान्यातला जुळारी डाव्या हातात स्टिक, म्हणजे अक्षरे जुळवायची पट्टी, धरून उजव्या हाताने खणांतले खिळे वेचायचा. हात त्याचेही दुखत. पण तो उभा असे आणि हात खांद्यापासून हलत असे. खुर्चीवर बसल्यावर सगळे काम मनगटाच्या पुढे येऊन साचले. त्या वेळच्या कॉम्प्युटर टेबलाला कीबोर्डसाठी खाली सरकता कप्पा असे, नेमका कीबोर्डच्याच मापाचा. माउसला जागा वर, फळीवर. म्हणजे डावा हात मांडीजवळ, उजवा वीतभर उंच, पुढे ताणलेला आणि मनगट फळीच्या कडेवर टेकलेले. त्यात माउस रबरी गोळीचा. आतल्या रुळांवर मळाची कडी बसली की बाण अडखळे आणि माणूस नकळत माउस आणखी घट्ट धरे. उद्यमनगरात फाउंड्रीच्या धुळीत बसून ड्रॉइंग काढणाऱ्या पोरांना तर गोळी काढून नखाने रूळ खरवडणे हे रोजचेच. १९९९ पासून बहुतेक टेबलांवर चालणारे प्रकाशीय माउस बाजारात येऊ लागले आणि गोळी हळूहळू गेली. माझ्या मते मनगटावर एवढे उपकार नंतरच्या कुठल्याच आकाराने केले नाहीत. खोक्यावर मात्र तसे कुणी छापले नाही.

मग फ्लेक्स आला. वाढदिवस, निवडी, गणपती, तालमींच्या फुटबॉल संघांचे विजय. एका फलकावर पंचवीस-तीस चेहरे, आणि प्रत्येक चेहरा मागच्या भिंतीपासून सोडवायचा म्हणजे केसांच्या कडेकडेने, बटण दाबून धरून, माउस ओढत न्यायचा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात हे पहाटेपर्यंत चाले. "मनगट धरलंय", "बोटांना मुंग्या येत्यात" ही भाषा तिथली. या मुंग्यांनाच पुढे सरसकट 'कार्पल टनेल' म्हणायची पद्धत पडली.

पद्धत चुकीची आहे. मनगटात हाडांची एक अरुंद घळ असते. वरून जाड पट्टा, आतून बोटांच्या नऊ दोऱ्या आणि एक नस. ही नस चेपली तर मुंग्या येतात त्या अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या बाजूला. करंगळी सुटते. नुसती करंगळी बधिर होत असेल, किंवा कोपरापासून हात भरून येत असेल, तर घोडे दुसरीकडे कुठेतरी पेंड खाते आहे. शिवाय खरे कार्पल टनेल मधुमेह, थायरॉईड आणि गरोदरपणातही होते, माउसला हात न लावता.

दुसरे नाव 'आरएसआय', म्हणजे पुन्हा पुन्हा त्याच हालचालीने झालेली इजा. सगळी भांडणे झाली ती यातल्या शेवटच्या शब्दावर. 'दुखणे' म्हटले की ते ज्याचे त्याचे. 'इजा' म्हटले की ती कुणीतरी केली आणि भरपाई कुणीतरी द्यायची. याचा माग माउसच्या फार मागे जातो. सतत लिहिणाऱ्या कारकुनांचा हात निकामी होतो, हे इटलीतल्या एका वैद्याने १७१३ मध्येच नोंदवले होते. तारायंत्रावर काम करणाऱ्यांच्या हाताच्या पेटक्याला ब्रिटनने १९०८ मध्ये भरपाईच्या यादीत घेतले. पण खरा भडका ऑस्ट्रेलियात उडाला, १९८० नंतर. टंकलेखक, टेलिफोन ऑपरेटर, कारकून यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की त्याला साथ म्हणू लागले. डॉक्टरांत फूट पडली. एका गटाला स्नायू आणि नसांना दुखापत दिसत होती, दुसऱ्याला तपासणीत काहीच सापडत नव्हते. १९८७ मध्ये एका सरकारी कर्मचारी बाईंचा दावा फेटाळला गेला. दशक संपेपर्यंत तक्रारी ओसरल्या, आणि दोन्ही गटांनी तो आपापल्या म्हणण्याचा पुरावा मानला. १९९३ मध्ये लंडनमध्ये एक पत्रकार असाच दावा हरला. तिथल्या न्यायाधीशांनी ही संज्ञाच निरर्थक ठरवली. अमेरिकेच्या कामगार खात्याने नोव्हेंबर २००० मध्ये अशा दुखण्यांसाठी नियम आणले आणि मार्च २००१ मध्ये संसदेने ते रद्द केले. संज्ञा निरर्थक ठरली म्हणून हात दुखायचे थांबले नाहीत, हे कुठल्याच निकालात लिहिलेले नाही.

ऑस्ट्रेलियातला वाद कीबोर्डचा होता, माउसचा नव्हे. माउसची रीतसर मोजणी नंतर झाली. १९९९ च्या एका अभ्यासात मनगटाच्या घळीतला दाब मोजला, तेव्हा नुसता हात ठेवण्यापेक्षा माउस ओढताना तो स्पष्ट वाढला. माउसच्या प्रकाराने मात्र विशेष फरक पडला नाही. २००३ मध्ये डेन्मार्कमध्ये सुमारे सात हजार जणांना वर्षभराच्या अंतराने तपासले. निष्कर्ष असा की संगणक हे कार्पल टनेलचे मोठे कारण नाही, पण आठवड्याला वीस तासांहून जास्त माउस चालवणाऱ्यांत मुंग्यांच्या तक्रारी जास्त. यातला पहिला अर्धाच सगळीकडे उद्धृत होतो. गणपतीच्या आठवड्यात आपला फ्लेक्सवाला वीस तास दोन दिवसांत भरतो.

आकाराचा इतिहास त्या मानाने छोटा. १९६४ चा पहिला माउस लाकडी ठोकळा होता. पुढची तीस वर्षे बटणे किती, यावरच चर्चा झाली. पंजा पालथा ठेवला की हाताची दोन हाडे एकमेकांवर तिरपी येतात. ती पिळवट टाळायला माउसच उभा करायचा, ही कल्पना २००२ च्या सुमारास विक्रीला आली आणि २०१८ मध्ये एका मोठ्या कंपनीने ५७ अंशांत कललेला माउस काढल्यावर घराघरांत पोचली. दरम्यान २०१५ मध्ये प्रत्यक्ष कार्पल टनेल असलेल्या रुग्णांवर उभा माउस तपासला गेला होता. मनगटाची ठेवण सुधारली, घळीतला दाब कमी झाला नाही. खांद्याला, हाताला आराम वाटतो असे सांगणारे बरेच भेटतात आणि ते खोटे बोलत नाहीत. फक्त खोक्यावरचा दावा दुसऱ्याच दुखण्याचा आहे.

लक्ष्मीपुरीतल्या एका ओळखीच्या डिझायनरने गेल्या वर्षी उभा माउस आणला. पंधरा दिवसांत बाजूला ठेवला, केसांची कड त्याला त्यावर पकडता येईना. मग सुताराला बोलावून टेबलाचा सरकता कप्पा काढून टाकला, चारही पाय तीन इंच कापले, आणि आकड्यांच्या बटणांशिवायचा आखूड कीबोर्ड घेतला, म्हणजे माउस कोपराजवळ येतो. सुताराने दोनशे रुपये घेतले.