फोन फुल ठेवला तर गाडीचे स्पीकर जळतात का?

"ऑक्सच्या वायरने फोन लावलात तर त्याचा आवाज निम्म्यावरच ठेवा, नाहीतर जुन्या गाडीचे स्पीकर जळतील." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. दिला जातो काळजीपोटीच, पण तो उलटा आहे.

ऑक्सची वायर म्हणजे फोनच्या हेडफोनच्या भोकातून गाडीच्या स्टिरिओला जोडतात ती. फोनच्या त्या ३.५ मिमीच्या जॅकमधून साधारण एक व्होल्टच्या आतबाहेरचा सिग्नल निघतो. गाडीचा स्पीकर हलवायची ताकद त्यात नाही. ती स्टिरिओतला अँप्लिफायर देतो, गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. स्पीकरवरचा ताण शेवटी बाहेर पडणाऱ्या आवाजावर ठरतो, फोनवरच्या आकड्यावर नाही. फोन निम्म्यावर ठेवला की आपण स्टिरिओचं बटण जास्त पिळतो आणि गाण्याबरोबर खरखरही मोठी होते.

गाडी उभी असताना करून बघा. फोन अगदी हळू, स्टिरिओ मोठा: गाणं थांबवलं तरी 'स्स्स' ऐकू येईल. मग आधी स्टिरिओ उतरवा, फोन फुलच्या एक-दोन घरं खाली आणा आणि स्टिरिओ हळूहळू वाढवा. तेवढ्याच आवाजात गाणं स्वच्छ येतं. फाटल्यासारखं वाटलं तर फोन आणखी एक घर खाली.

इंजिनाबरोबर चढणारी 'कुंईं' येत असेल तर फोनचा चार्जर काढून बघा. बहुतेकदा ती तिथूनच येते.