कोरड्या पिशवीतला ओला कॅमेरा

सांदण दरीतला डोह छातीएवढ्या पाण्यातून पार केला, तेव्हा मित्राचा कॅमेरा ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी आत न शिरू देणाऱ्या पिशवीत, अगदी कोरडा होता. पलीकडे उन्हात तापलेल्या धोंड्यावर बसून त्याने घाईघाईने बॅग उघडली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि विचारलं, "धुकं आलंय का रे?" धुकं कुठेच नव्हतं. लेन्सच्या काचेवर पांढुरकी साय धरली होती. शर्टाच्या टोकाने पुसली, तर पुन्हा धरली.

ते पाणी डोहातलं नव्हतं, हवेतलं होतं. हवा ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर दवबिंदू साधारण २१ अंशांवर येतो. त्याहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. सांदणच्या अरुंद घळीत ऊन जेमतेम पोचतं, त्यामुळे डोह गारच राहतो. त्यात बुडलेल्या पातळ बॅगेतली काच आणि धातू दहा मिनिटांत गारठतात. अशा वेळी बॅग उघडायचीच नाही. सावलीत अर्धा तास तशीच ठेवायची, म्हणजे जे दव पडायचं ते बॅगेच्या बाहेरच्या अंगाला पडतं. कॅमेरा आधीच जाड टॉवेलमध्ये गुंडाळला असेल, तर तो मुळात कमी गारठतो.

अमेरिकेत युटा राज्यातल्या झायन नॅशनल पार्कात हे गणित बदलतं. तिथल्या 'नॅरोज' या घळीत वाट अशी नाहीच. व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालायचं. दोन्ही बाजूंना वालुकाश्माच्या भिंती, काही ठिकाणी ३०० मीटर उंच, आणि मधलं अंतर सहा-सात मीटरपर्यंत आवळत आलेलं. उन्हाळ्यात बाहेर ३८ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असली, तर दवबिंदू ७ अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे दवाची धास्ती कमी. खरी धास्ती प्रवाहाची.

वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गुडघ्याच्या किंचित वर पाणी असेल आणि ते सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल, तर दोन्ही पायांवर मिळून ढोबळमानाने सहा किलो वजनाइतका रेटा बसतो. वेग दुप्पट झाला की तोच रेटा चोवीस किलोंवर जातो. नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफूट, म्हणजे सुमारे सव्वाचार हजार लिटर, यापुढे गेला की पार्क प्रशासन नॅरोज बंद करतं. पायाखाली शेवाळलेले गोटे, त्यात गळ्यात लोंबणारा कॅमेरा. एक पाय घसरला की तो झोका खाऊन तोल आणखी घालवतो आणि पडताना दगडावर आधी तोच आपटतो. म्हणून चालताना कॅमेरा बॅगेत आणि हातात दणकट काठी. ट्रायपॉडची काठी करू नये. त्याचे सांधे अशा तिरक्या भाराला टिकत नाहीत, आणि आत गेलेली वाळू नंतर महिनाभर कुरकुरत राहते.

कंबरेवर पाणी आलं की आर्किमिडीज मध्ये येतो. वीस लिटरची ड्राय बॅग हवेने फुगलेली आहे आणि आत सहा किलो सामान आहे असं धरू. ती पूर्ण बुडाली तर पाणी तिला वीस किलो वजनाइतक्या बलाने वर लोटणार, म्हणजे चौदा किलोंचा निव्वळ उचल. पाठीवरची अशी बॅग खांद्यांना वर ओढते आणि माणसाचं तोंड पाण्याकडे ढकलते. त्यामुळे जादा हवा दाबून काढावी, तोंडाची घडी निदान तीनदा घट्ट गुंडाळावी आणि पाण्यात उतरण्याआधी सॅकचे छातीचे व कंबरेचे पट्टे सोडून ठेवावेत. वेळ आली तर सॅक एका झटक्यात टाकता यायला हवी. कॅमेरा कितीही महाग असो, त्याच्यासाठी पट्टे बांधून ठेवणं मला मान्य नाही. अशा घळीत माथ्यावर निरभ्र आकाश असतानाही वर दूर पडलेल्या पावसाचा लोंढा येऊ शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या, तर सामान आवरत बसू नये, उंचावर चढावं.

कडक प्लास्टिकच्या पेटीची गोष्ट वेगळी. ३५ अंशांच्या हवेत बंद केलेली पेटी पाण्यात १५ अंशांपर्यंत गार झाली, की आतला दाब सुमारे साडेसहा टक्क्यांनी उतरतो. हा फरक ६५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका भरतो. झाकणाच्या रबरात वाळूचा एक कण अडकला असेल, तर पेटी तिथून पाणी शोषून घेते. म्हणून बंद करताना रबरावरून दर वेळी बोट फिरवावं.

एवढं करूनही कॅमेरा बुडालाच, तर 'चालू होतोय का' हे मुळीच पाहू नका. आधी बॅटरी काढा. नदीच्या पाण्यात क्षार असतात. त्यातून वीज वाहिली की विद्युत अपघटन सुरू होतं आणि सर्किटवरचं तांबं झिजायला लागतं. ओला कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरून फारसं साधत नाही, उलट पिठाचे कण आत जातात. पंख्याची हवा, सिलिका जेल आणि लवकरात लवकर दुरुस्ती करणारा, हाच मार्ग.

मित्राने त्या दिवशी ओलसर कॅमेरा पुन्हा बॅगेत कोंबला आणि घरी तसाच कपाटात ठेवला. मग पावसाळा आला. सप्टेंबरात लेन्समधून टॉर्चचा झोत टाकला, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे पसरलेले दिसले. बुरशी होती. काच पुसल्यावर धागे गेले, पण त्यांच्यातल्या आम्लाने खाल्लेल्या कोटिंगवर त्यांचे ठसे तसेच राहिले.