खाचरातला तवंग आणि तळातली वीज

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या भातखाचरात पाणी साठून राहिलं की बांधाच्या कोपऱ्यात रॉकेल सांडल्यासारखा रंगीत तवंग दिसतो. पंपाचं तेल गळलं असावं, असं समजून बहुतेक जण पुढे जातात. काडीने हलवून बघा. तेलाचा तवंग फाटला तरी पुन्हा जुळतो. याचे मात्र काचेसारखे तुकडे होतात. हा लोखंडाचा तवंग. जांभ्याच्या तांबड्या मातीतलं लोखंड गंजाच्या रूपात असतं आणि गंज पाण्यात सहसा विरघळत नाही. पण पाण्याखालच्या चिखलातली हवा संपली की तिथले काही जिवाणू प्राणवायूची गरज या गंजावर भागवतात. कुजका पाचोळा खायचा आणि त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन गंजाच्या गळ्यात मारायचे. मग लोखंड विरघळून वर येतं आणि हवा लागली की पुन्हा गंजतं. लावणीनंतर चिखल आतून करडा-निळसर होतो, तोही याच कारभाराने.

आता गंजाच्या जागी ग्रॅफाइटचा पत्रा पुरला, त्याला वायर जोडली आणि वायरचं दुसरं टोक वरच्या पाण्यातल्या पत्र्याला नेलं, तर तेच इलेक्ट्रॉन वायरमधून वरच्या प्राणवायूकडे धावतात. गाळातली जैविक बॅटरी ती हीच. इतकी साधी गोष्ट हाती यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

1911 साली इंग्लंडमधल्या डरहॅमचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. सी. पॉटर यांनी यीस्ट आणि जिवाणूंच्या द्रावणात प्लॅटिनम बुडवून किंचित विद्युतदाब मोजला. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1931 मध्ये अमेरिकेत बार्नेट कोहेन यांनी असे बरेच घट जोडून 35 व्होल्टपर्यंत मजल मारली, पण प्रवाह जेमतेम 2 मिलिअँपिअर. पुढे अंतराळयानांसाठी याचा विचार झाला आणि मागेही पडला. अडचण एकच: जिवाणूच्या पोटातला इलेक्ट्रॉन बाहेर काढायचा कसा? 1980 च्या दशकात त्यासाठी रासायनिक रंगद्रव्यं मिसळत. ती महाग आणि बरीचशी विषारी, म्हणजे नदीत सोडायची सोय नाही.

उत्तर मिळालं ते वीज न शोधणाऱ्या माणसाला. डेरेक लव्हली 1987 च्या सुमारास वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीच्या गाळात गंजावर जगणारे जिवाणू शोधत होते. त्यांना सापडलेला जिओबॅक्टर इलेक्ट्रॉन स्वतःच बाहेर टाकतो, मध्ये दलाल लागत नाही. 2001 मध्ये क्लेअर रायमर्स, लिओनार्ड टेंडर आणि सहकाऱ्यांनी समुद्राच्या गाळातून वीज घेता येते हे दाखवलं. 2002 मध्ये गाळात पुरलेल्या पत्र्यावर जिओबॅक्टरचेच भाऊबंद दाटीने वाढलेले आढळले.

पहिलं खरं काम नोंदलं गेलं 2008 मध्ये. टेंडर यांच्या गटाने हवामान मोजणारा तरंगता बोया या विजेवर चालवला, तोही त्याच पोटोमॅकमध्ये. यंत्र 230 किलोचं, वीज 24 मिलिवॅट! न्यू जर्सीच्या खाजणातली दुसरी आवृत्ती 16 किलोवर आली आणि 36 मिलिवॅट देऊ लागली. 9 वॅटच्या एका बल्बला अशी 250 यंत्रं लागतील.

म्हणून ‘गाळातून गावाला वीज’ असा मथळा दिसला की मी सरळ पुढे जातो. नुसत्या चिखलावर भागत असतं तर बेळगावच्या बळ्ळारी नाल्याने शेजारचं अख्खं शहापूर उजळलं असतं. वीज करावी ती गोकाकच्या धबधब्याने, तिथे ती फार पूर्वीपासून होते आहे. गाळाच्या बॅटरीचं काम निराळं: जिथे ऊन पोचत नाही आणि सेल बदलायला कुणी बुडी मारणार नाही, तिथे एखादा सेन्सर जागा ठेवायचा. हिडकल किंवा नविलुतीर्थ धरणाच्या तळाशी पाण्यातला प्राणवायू मोजायला ती शोभेल. पण गोडं पाणी खाऱ्यापेक्षा वीज कमी वाहून नेतं, त्यामुळे समुद्रातला आकडा इथे मिळणार नाही. शिवाय उन्हाळ्यात धरण ओसरतं, तेव्हा पत्रा काठापासून बराच आत, खोल पाण्यात हवा.

आपल्या भागाला जवळचा प्रयोग धरणातला नाही, भाताचा आहे. तोही 2008 चाच, जपानमधला. खाचरात पत्रे पुरले तेव्हा वीज दिवसा वाढे, रात्री उतरे. रोपांवर सावली धरली की दिवसाची वाढ थांबे. रोप उन्हात जे अन्न बनवतं त्यातलं थोडं मुळांवाटे चिखलात झिरपतं आणि जिवाणू त्यावर जगतात. तिथली वीजही चौरस मीटरला काही मिलिवॅटच होती, आणि ती खाचरात पाणी उभं असेपर्यंतची. कापणीआधी पाणी सोडलं की चिखलात हवा शिरते आणि जिवाणूंना इलेक्ट्रॉन टाकायला पत्र्याची गरज उरत नाही.