जुन्या मोटारींचे ऑनलाइन लिलावातील मूल्यनिर्धारण

जुन्या मोटारींचे ऑनलाइन लिलावातील मूल्यनिर्धारण : संग्राह्य मोटार प्रत्यक्ष न हाताळता, छायाचित्रे, चित्रफिती, कागदपत्रे व पूर्वीच्या विक्रीच्या नोंदी यांवरून तिची वाजवी किंमत आणि आपल्या बोलीची कमाल मर्यादा ठरवण्याची रीत. प्रस्तुत नोंदीत सातारा व सांगली जिल्ह्यांतील वाहनांचा विशेष विचार केला आहे.

मोटार कितव्या वर्षी ‘जुनी’ ठरते याविषयी एकमत नाही. ब्रिटनमधील व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब (स्थापना १९३४) १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांनाच व्हिंटेज म्हणतो. फिवा या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येत किमान ३० वर्षांचे वय लागते. अमेरिकेतील काही मंडळे वयापेक्षा निवडक बनावटींच्या यादीवर भिस्त ठेवतात. भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेली दुरुस्ती निर्णायक मानावी लागते. तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे रोज वापरण्याच्या हेतूने गाडी घेणाऱ्यासाठी या मान्यतेने किंमत वाढत नाही, संग्राहकासाठी वाढते.

वय पहिल्या नोंदणीपासून मोजायचे असल्यामुळे या भागात तारखांचा घोळ होतो. सांगली, मिरज, जत, औंध व फलटण ही संस्थाने १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. संस्थानी काळातील गाडी विलीनीकरणानंतर पुन्हा नोंदली गेली असल्यास आरसी बुकातील साल तिच्या बांधणीच्या सालापेक्षा बरेच अलीकडचे असू शकते. ‘राजेसाहेबांची गाडी’ असा उल्लेख वर्णनात सर्रास आढळतो. मूळ पावती, जुना क्रमांक दिसणारे छायाचित्र किंवा मालकी हस्तांतराची सलग साखळी यांपैकी काहीच नसेल, तर त्या उल्लेखापोटी एक रुपयाही वाढवू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

युद्धकालीन जीपबाबत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने मोडीत काढलेल्या जीप नागरी बाजारात आल्या. त्यामुळे १९४३ ची बांधणी आणि १९४६–४८ ची पहिली नोंदणी यांत विसंगती नाही. अपशिंगे मिलिटरीसारखी गावे असलेल्या सातारा जिल्ह्यात लष्करी रंगातल्या जीपला भाव आहे. म्हणूनच महिंद्राच्या सीजे-३बी जीपला ऑलिव्ह हिरवा रंग देऊन ती १९४० च्या दशकातील म्हणून मांडली जाते. फरक छायाचित्रांतूनही ओळखता येतो. सीजे-३बीचे बॉनेट उंच असते, कारण तिच्या हरिकेन इंजिनात आत घेण्याच्या झडपा माथ्यावर असल्याने इंजिनच उंच होते. युद्धकालीन लष्करी जीप असलेल्या विलीज एमबीचे इंजिन तितक्याच, म्हणजे १३४ घनइंच क्षमतेचे, पण बाजूला झडपा असलेले व बुटके असते. एमबीला मागे उघडणारी फळी नसते, नागरी सीजेला असते. समोरच्या जाळीत लष्करी गाडीला नऊ फटी व नागरी गाडीला सात. मात्र जाळी बदलणे सोपे असल्याने या खुणेवर फार विसंबू नये. फोर्डने बांधलेली जीपीडब्ल्यू व विलीजची एमबी यांतील भेद चेसिसच्या पुढच्या आडव्या दांड्यात दिसतो. विलीजचा दांडा गोल नळीचा, फोर्डचा उलट्या नालीसारखा असतो. फोर्डच्या बोल्टांवर व सुट्या भागांवर ‘एफ’ हे अक्षर कोरलेले असते. विक्रेत्याने पुढच्या बंपरखालचे छायाचित्र मागूनही दिले नाही, तर गाडी सीजे समजूनच हिशेब करावा.

इंजिनबदल हा येथील दुसरा कळीचा मुद्दा. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल महागले. उसाच्या पट्ट्यात पेट्रोल जीप व ॲम्बेसेडर यांत डिझेल इंजिन बसवून घेणे हा शहाणपणाचा व्यवहार मानला जाई, आणि त्या काळाच्या हिशेबाने तो होताही. आज तोच बदल व्हिंटेज मान्यतेच्या आड येतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदलाची नोंद आरसीवर नसेल, तर हस्तांतरातही अडचण येते. त्यामुळे चकचकीत रंगापेक्षा इंजिन व चेसिसवर ठोकलेले क्रमांक आणि आरसी बुकातील क्रमांक यांचा मेळ अधिक मोलाचा आहे. क्रमांकाच्या कडा ताज्या घासल्यासारख्या दिसणे, अंकांचा ठसा असमान असणे किंवा क्रमांकाच्या पट्टीचे रिवेट नवे असणे ही संशयाची चिन्हे होत.

मूळ स्थिती जपलेली गाडी श्रेष्ठ की नव्याने सजवलेली, याविषयी संग्राहकांत दोन पक्ष आहेत. जुन्या वाहनांविषयीच्या फिवाच्या ट्युरिन सनदेचा कल जतनाकडे आहे, आणि आंतरराष्ट्रीय लिलावांतही उत्तम जपलेल्या मूळ गाड्यांना मान आहे. स्थानिक ग्राहक मात्र अजूनही डेंटिंग-पेंटिंग पाहून भाव वाढवतो.

गंजाचे मोल बांधणीनुसार बदलते. जीपचे चेसिस स्वतंत्र असते, तेव्हा पत्रा बदलून निभावते. ॲम्बेसेडर व फियाट ११०० यांचा सांगाडाच भार वाहतो, म्हणून दारांखालच्या पट्ट्या कुजल्यास खर्च कैकपट होतो. माण, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांतील गाडी पाटण वा महाबळेश्वरकडील गाडीपेक्षा सामान्यतः निरोगी निघते. सांगली शहर व कृष्णाकाठच्या गावांतील गाड्यांची पुराच्या दृष्टीने वेगळी तपासणी हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती; २००५ व २०२१ मध्येही शहराचा बराच भाग बुडाला. हेडलाइटच्या वाटीत किंवा स्पीडोमीटरच्या काचेमागे साचलेला बारीक गाळ, आसनाच्या स्प्रिंगांवरचा एकसारखा गंज व नव्याने ओढलेली वायरिंग या खुणा एकत्र दिसल्यास गाडी पुरात होती असे धरून चालावे.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय व्यापारी सौद्यात भाव बोलत नाही. ऑनलाइन लिलावात ही मोडून पाहण्याची सोयच नसते. विक्रेत्याला माहीत असलेला दोष ग्राहकाला न कळल्यास बाजार कसा बिघडतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने मांडले. ग्रेगरी लुईस यांनी २०११ मध्ये ईबे या संकेतस्थळाच्या मोटारविभागातील (ईबे मोटर्स) लिलाव अभ्यासून छायाचित्रे व सविस्तर वर्णन यांचा किमतीशी घनिष्ठ संबंध दाखवला. न दाखवलेला भाग सदोषच समजण्याची जाणकारांची सवय त्याला धरूनच आहे.

लिलाव संपण्याच्या नियमाचाही परिणाम होतो. ईबेवर वेळ ठरलेली असते, तर ब्रिंग अ ट्रेलरसारख्या संकेतस्थळांवर शेवटच्या क्षणी बोली आल्यास मुदत वाढते. रॉथ व ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांना (२००२) ठरलेल्या वेळेच्या लिलावांत, विशेषतः पुराणवस्तूंच्या, उशिरा बोली लावण्याचे प्रमाण जास्त आढळले. जाणकाराची लवकर बोली इतरांना फुकट माहिती देते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. स्पर्धक अनेक असतील तर जिंकणारा बहुधा सर्वांत आशावादी अंदाज करणाराच असतो. म्हणून गर्दी वाढेल तशी आपली मर्यादा खाली आणावी, वर नव्हे. हे व्यवहारात फार थोड्यांना जमते.

हिशेबाचा आधार मागितलेली नव्हे, झालेली किंमत असावी. हातची किंमत, म्हणजे विक्रेत्याने राखून ठेवलेली किमान किंमत, न गाठल्याने न विकलेल्या गाडीची सर्वोच्च बोलीही उपयुक्त असते, कारण बाजार तिथवर खरोखर गेला होता. कल्पित उदाहरणात तशाच चालू गाडीचा भाव ७,००,००० रुपये धरला, आणि पत्रेकाम १,२०,०००, वाहतूक ४०,०००, नोंदणी २०,००० व क्रमांकाविषयीच्या संशयापोटी ६०,००० वजा केले, तर ४,६०,००० उरतात. संकेतस्थळाचे खरेदीशुल्क ५ टक्के असल्यास या रकमेला १.०५ ने भागावे. बोली सुमारे ४,३८,००० वर थांबते.

दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर निर्बंध आल्यापासून तेथील गाड्या स्वस्तात दिसतात. त्या सातारा (एमएच-११), सांगली (एमएच-१०) किंवा कराड (एमएच-५०) येथे आणताना मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र म्हणजे नमुना २८, तसेच हस्तांतराचे नमुने २९ व ३० लागतात. आरसीवर जुन्या कर्जाची नोंद असेल, तर नमुना ३५ भरून ती उतरवावी लागते. कर्ज देणारी संस्थाच बंद झाली असल्यास हे काम रेंगाळते. शासकीय निर्लेखित, म्हणजे वापरातून काढून टाकलेल्या, वाहनांचे ई-लिलाव एमएसटीसी या सार्वजनिक कंपनीमार्फतही होतात. तेथे अनामत भरून ‘जशी आहे तशी’ या तत्त्वावर बोली लागते. वाहन भंगार म्हणून विकले जात असेल तर पुन्हा नोंदणी होत नाही, आणि किंमत लोखंडाच्या वजनावर येते.