झिर्कोनियमला हवेत आठ हात

थॅलेसेमियाचं मूल असलेल्या घरात डेस्फेरॉक्सामाइन हे नाव सवयीचं असतं. सतत रक्त चढवल्यामुळे शरीरात साठलेलं लोह पकडून बाहेर काढणारं हे औषध. मातीतल्या एका जिवाणूने लोह मिळवण्यासाठी घडवलेला हा रेणू आज कर्करोगाच्या पेट स्कॅनमध्येही (शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी अणूंचा माग घेऊन चित्र काढणाऱ्या तपासणीत) कामाला लागला आहे, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

ट्रास्टुझुमॅब ही प्रतिपिंड-प्रथिनं स्तनाच्या काही कर्करोगांतल्या पेशींवरचा हर-२ हा ग्राहक (रिसेप्टर) बरोबर हुडकतात. त्यांना किरणोत्सारी अणू जोडला, तर गाठ कुठे कुठे आहे ते स्कॅनमध्ये दिसतं. पण एवढं मोठं प्रथिन गाठीत साचायला आणि रक्तातून कमी व्हायला काही दिवस लागतात. फ्लोरिन-१८ या किरणोत्सारी अणूचं अर्धायुष्य जेमतेम ११० मिनिटं. प्रथिन पोचेपर्यंत तो विझून जातो. झिर्कोनियम-८९ या किरणोत्सारी धातूचं मात्र सुमारे ७८ तास. नेदरलँड्समध्ये रुग्णांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चौथ्या-पाचव्या दिवशीची चित्रं सर्वांत चांगली आली.

अडचण अशी की हा धातू प्रथिनाला आपणहून चिकटून राहत नाही. म्हणून मधे दुवा लागतो: एका टोकाला डेस्फेरॉक्सामाइन, दुसऱ्या टोकाला प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाला पकडणारा आयसोथायोसायनेट गट. हे काम सौम्यपणे व्हावं लागतं, कारण फार तापवलं तर प्रतिपिंड उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं बिघडतं. डेस्फेरॉक्सामाइन झिर्कोनियमला साध्या तापमानालाच धरतं, हा त्याचा मोठा गुण. दुवे मोजकेच जोडायचे; जास्त झाले तर प्रथिन आपलं लक्ष्यच ओळखेनासं होतं.

पण या रेणूची घडण लोहासाठीची. तो धातूला सहा ऑक्सिजन अणूंनी धरतो, झिर्कोनियमला मात्र आठ हवे असतात. पकड अपुरी पडते, उंदरांमध्ये काही झिर्कोनियम सुटून हाडांत जाऊन बसतं. स्तनाचा कर्करोग स्वतःही हाडांत पसरतो! मग स्कॅनमधला हाडावरचा ठिपका कर्करोगाचा की निसटलेल्या धातूचा, हे कसं ओळखायचं?

२०१४ साली संशोधकांनी डेस्फेरॉक्सामाइनच्या साखळीसारख्या रेणूला पकडीचा आणखी एक गट जोडून ऑक्सिजन आठ केले. उंदरांच्या हाडांतलं झिर्कोनियम खरोखरच घटलं. मात्र लांबलेला रेणू पाण्यात नीट विरघळेना, म्हणून पुढे साखळीच्या मधल्या भागातच ऑक्सिजन अणू गुंफून त्याची पाण्याशी सोयरीक जुळवण्यात आली.