चित्रपटातील अस्सल प्रतिनिधित्व (मुंबई)

एखादा समाज, प्रदेश, लिंग किंवा अपंगत्व पडद्यावर दाखवताना ते जगणे आतून ठाऊक असलेल्यांना लेखन, पात्रनिवड, अभिनय आणि तांत्रिक कामांत खरा वाटा मिळणे, म्हणजे अस्सल प्रतिनिधित्व. चेहरे तऱ्हेतऱ्हेचे दिसले एवढ्याने ते साधत नाही. निर्णय कोणी घेतला आणि केव्हा घेतला, यावर ते ठरते.

मुंबईत हा प्रश्न सिनेमाइतकाच जुना आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने रंगवली, कारण कॅमेऱ्यासमोर यायला स्त्री मिळाली नाही. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी ती कोंडी फोडली. गंमत नव्हे, खंत अशी की याच शहरात तयार होणाऱ्या हिंदी चित्रपटांनी मराठी माणसाला पुढे कित्येक वर्षे हवालदार आणि कामवाली बाई यांपलीकडे फारसे पाहिले नाही.

बिघाड बहुतेक वेळा कागदावर सुरू होतो. पटकथा पक्की झाल्यावर सल्लागार बोलावला, तर त्याच्या हाती दोनचार शब्द बदलणे एवढेच उरते. पात्राचा धंदा, घर आणि शेवट आधीच ठरलेले असतात. म्हणून पहिल्या खर्ड्याचेच त्याच्याकडून वाचन व्हावे आणि मानधन व श्रेयनामावलीतले नाव करारात लिहिलेले असावे. पुढची चाळणी वर्सोव्याच्या आरामनगरसारख्या ठिकाणच्या ऑडिशनची. ‘गरीब घरातली, सावळी’ असे मागवून शेवटी गोरी नटी घ्यायची आणि तिला गडद मेकअप द्यायचा, ही रीत अजून गेलेली नाही. तो मेकअप घामाने कॉलरवर उतरतो आणि तळहात उजळ राहतात, हा त्यातला किरकोळ दोष. सावळ्या मुलीचे काम तिच्याच रंगाच्या नावाने दुसरीला जाते, हा मोठा. याउलट ‘कोर्ट’ या चित्रपटात (२०१४) लोकशाहिराची भूमिका वीरा साथीदार या आंबेडकरी कार्यकर्त्याने केली आणि पात्राच्या बोलण्याचालण्याला वेगळा पुरावा लागला नाही.

सर्वांत जास्त घसरण बोलीत होते. लेखक प्रमाण मराठीत संवाद लिहितो आणि सर्वनामे तेवढी बदलतो. ‘माका माहीत आहे’ ही अशी बनावट मालवणी. सिंधुदुर्गातला माणूस ‘माका म्हायत आसा’ म्हणेल. वऱ्हाडीत नुसते ‘मले-तुले’ पुरत नाही. ‘तो जाऊन राहिला’सारखी (म्हणजे तो जातो आहे) क्रियापदाची घडण आणि ‘डोळा’चे ‘डोया’ होणे तोंडात बसावे लागते. यासाठी बोलीच्या जाणकाराने संवाद तालुका, वय आणि जात लक्षात घेऊन मुळातून पुन्हा सांगावेत आणि सहज गतीत ध्वनिमुद्रित करावेत. नटाने आधी ऐकावे, मग पाठ करावे; उलट क्रमाने केले की शब्द बोलीचे आणि हेल पुण्याचा, असे होते. चित्रीकरणात जाणकाराच्या कानाला हेडफोन हवा आणि चुकलेला टेक त्याने तिथल्या तिथे सांगावा. सेटवर सांभाळलेली बोली डबिंगमध्येही बिघडते: ओठ जुळवण्याच्या नादात हेल सपाट होतो, किंवा छोट्या पात्रांना मुंबईतला हाताशी असलेला आवाज दिला जातो. डबिंगच्या खोलीतही तोच जाणकार लागतो, आणि अंदाजपत्रकात नेमके तेच दिवस धरलेले नसतात.

वेशभूषेत शिवलेली तयार नऊवारी सरसकट वापरणे ही नेहमीची चूक. वर्सोवा किंवा वरळी कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या बायांचे गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेले लुगडे वेगळे, लग्नघरातली पायघोळ नऊवारी वेगळी.

कर्णबधिर नट असेल तर दुभाष्या दिग्दर्शकाजवळ, नटाला दिसेल अशा उजेडात उभा करावा. ‘ॲक्शन’ची खूण हाताने किंवा दिव्याने द्यावी. सांकेतिक भाषेत हात, चेहरा आणि खांदे मिळून वाक्य होते, त्यामुळे चौकट किमान कमरेपासून वर हवी. क्लोजअप घेतला की वाक्यच कापले जाते, आणि ती भाषा न येणारा संकलक खूण अर्धी असतानाच कट मारतो. व्हीलचेअरसाठी उताराचे प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे ३० सेंटिमीटर उंच जोत्याला ३.६ मीटर लांब उतार. व्हॅनिटी व्हॅनच्या पायऱ्या आणि जमिनीवरच्या केबली यांचा विचार लोकेशन पाहतानाच करावा लागतो. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारे निपुण मल्होत्रा यांच्या प्रकरणात अपंग व्यक्तींच्या चित्रणाबाबत मार्गदर्शक चौकट दिली. हिणवणारे शब्द टाळणे आणि निर्मितीत अपंग व्यक्तींना सहभागी करून घेणे, यांवर तिचा भर आहे.

वस्तीतली खरी मुले घेतल्यास २०१७ चे बालकामगारविषयक नियम लागू होतात: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीविना सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत.

कॅमेऱ्यामागचा वाटा कामगार संघटनेच्या सभासद कार्डावर अडतो. मुंबईतल्या मेकअप कलाकारांच्या संघटनेत स्त्रियांना केशभूषाकार म्हणून कार्ड मिळे, मेकअपचे नाही. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्याची अट होती. मेकअप कलाकार चारू खुराणा यांच्या प्रकरणात १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही अटी बेकायदा ठरवल्या.